तिसऱ्या विभागातला रविवार

रविवारी दुपारी मीरा रोडहून चर्चगेटकडे निघालेल्या धीम्या लोकलमध्ये सात-आठ मुले दाराजवळ उभी असतात. पाठीवर पिशव्या, पिशवीला लेसने बांधलेले बूट, हातात पाण्याची मोठी बाटली. कोणी नया नगरचा, कोणी शांती नगरचा, कोणी भाईंदर पूर्वेचा. वांद्र्याला उतरतात आणि नेव्हिल डिसूझा मैदानाकडे निघतात. जोहरची नमाज उरकून घराबाहेर पडलेली ही मुले परत येतात तेव्हा बहुधा इशाची अजान झालेली असते. घरी आई विचारते, "जिंकलात का?" मुलगा म्हणतो, "ड्रॉ." आई म्हणते, "म्हणजे पुन्हा जायचं?"

हो, पुन्हा जायचे. पुढच्या रविवारी जायचे, हरलात तरी जायचे. त्यालाच लीग म्हणतात. आपल्या घरांत हा शब्द टीव्हीवरच्या झगमगाटातून आला, त्यामुळे लीग म्हटले की कोटींचे लिलाव आणि फटाके डोळ्यांसमोर येतात. मी सांगणार आहे ती लीग अगदी वेगळी आहे. तिथे प्रेक्षक म्हणून दोन राखीव खेळाडू, एखाद्याचा धाकटा भाऊ आणि चणेवाला एवढेच असतात. गेल्या हंगामात त्यांच्यात आणखी दोघींची भर पडली: एका मुलाची आई आणि तिच्यासोबत मी.

मी शाळेत मराठी शिकवते. फुटबॉल मला कळत नव्हता, आजही पूर्ण कळतो असे नाही. पण त्या मुलाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि तीच मला मैदानापर्यंत घेऊन गेली.

आधी ही लीग कशी चालते ते सांगते, म्हणजे पुढचे समजेल. मोहल्ल्यातल्या स्पर्धा आपल्याला माहीत आहेत. ईदनंतर, नाहीतर डिसेंबरच्या सुट्टीत, फ्लडलाइट लावून दोन रात्रींत संपतात. हरला तो घरी गेला. याला बाद फेरी म्हणतात. लीगमध्ये गटातला प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येक संघाशी खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. आठ संघांचा गट असेल तर प्रत्येकाचे ७ सामने आणि एकूण सामने २८. (हे गणित मी सातवीच्या वर्गात घातले तेव्हा अर्ध्या वर्गाने ५६ सांगितले. अ विरुद्ध ब आणि ब विरुद्ध अ हा एकच सामना, हे बेंचवरच्या मुलांना उभे करून, हात मिळवायला लावून दाखवावे लागले.) गुण सारखे झाले की गोलांचा फरक पाहतात. म्हणून ४-० ने हरत असतानाही पाचवा गोल अडवायचा असतो. तो एक गोल दोन महिन्यांनी तक्त्यात आडवा येऊ शकतो.

असे विभाग एकावर एक रचलेले असतात. मुंबईत अगदी वरच्या विभागांची नावे मधूनमधून बदलत आली, कधी एलिट, कधी सुपर, कधी प्रीमियर. त्यांच्याखाली पहिला, दुसरा, तिसरा. खालून वर जायचे तर वशिला चालत नाही, तक्त्यात वर यावे लागते. आणि वरचा शेवटी राहिला तर खाली येतो. मुंबईतली साखळी फार जुनी आहे. हारवुड लीग १९०२ साली सुरू झाली. पश्चिम भारताची संघटना, जिला सगळे 'विफा' म्हणतात, ती १९११ची. तिचे ठाणे कूपरेजला. शहराची जिल्हा संघटना १९८३ साली झाली, तीच आज मुंबई फुटबॉल असोसिएशन. आपण मीरा-भाईंदरकर सरकारी हिशेबात ठाणे जिल्ह्यातले. पण रेल्वे आपल्याला मुंबईकडे नेते, तशी आपली पोरेही मुंबईच्या क्लबांत नाव घालतात. थेट अंबरनाथहून आलेला 'अंबरनाथ युनायटेड अटलांटा' मुंबईच्या लीगमधून वर येऊन देशपातळीच्या विभागात खेळला. 'मिल्लत' नावाचा क्लबही वरच्या विभागांत खेळलेला आहे.

आता माझी चूक.

हा मुलगा माझा जुना विद्यार्थी, आता अकरावीत. डाव्या पायाने खेळतो, म्हणून त्याला बचावात डाव्या बाजूला ठेवतात. एका क्लबने त्याला तिसऱ्या विभागासाठी घ्यायचे ठरवले. हल्ली नुसते वहीत नाव लिहून भागत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची संगणकावरची नोंदणी आहे. तिथे जन्मदाखला आणि ओळखपत्र चढवावे लागते, मग खेळाडूला कायमचा क्रमांक मिळतो. याच्या जन्मदाखल्यावर नाव होते 'मोहम्मद' असे पूर्ण. आधारवर होते 'एमडी'. शाळेच्या दाखल्यावर 'मो.'. एकाच पोराची तीन नावे! अर्ज परत आला.

तो दाखला दुरुस्त करून घ्यायला शाळेत आला. कारकुनांनी जनरल रजिस्टर काढले, पाचवीच्या प्रवेशाचे पान उघडले, आणि मी अक्षर ओळखले. त्या जूनमध्ये प्रवेशाला गर्दी होती म्हणून आम्हा शिक्षकांनाही टेबलावर बसवले होते. 'मो.' मीच लिहिले होते. रकाना अरुंद होता, रांग लांब होती, आणि खरे सांगायचे तर त्यात काही चुकते आहे असे मला वाटलेच नव्हते. आपल्यात किती जणांच्या नावापुढे 'मो.' असते! पुढे त्याच शाळेच्या बोनाफाइडवर आधारमधले नाव बदलले गेले, तिथे कोणीतरी 'मो.'चे इंग्रजीत 'एमडी' केले. माझ्या एका टिंबाने एवढा प्रवास केला.

वाचकांपैकी ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी विनंती. जनरल रजिस्टरमधला बदल मुख्याध्यापक आपल्या मनाने करू शकत नाहीत. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि मूल शाळेत शिकत असतानाच हे काम सोपे असते. एकदा दहावीचे प्रमाणपत्र हातात आले की त्याच नावाचा माग पुढे पदवीपर्यंत, पासपोर्टपर्यंत जातो. मग राजपत्रात नाव छापून घ्या, प्रतिज्ञापत्र करा, चकरा मारा. म्हणून आज रात्रीच मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचे प्रगतिपुस्तक एकाशेजारी एक ठेवून पाहा. 'मोहम्मद', 'मुहम्मद', 'मो.', 'शेख' आधी की नंतर, 'खातून' आहे की गळाले, वडिलांचे नाव पूर्ण आहे का. ही तपासणी फुटबॉलसाठी नाही. फुटबॉलने ती आमच्याकडून करून घेतली एवढेच.

आम्ही जन्मदाखला प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घेतले. त्यात दिवस गेले. त्याचा क्रमांक आला तोवर त्याच्या संघाचे तीन सामने होऊन गेले होते. दोन हरले, एक बरोबरीत. एक गुण. तो तिन्ही रविवारी वांद्र्याला गेला आणि रेषेबाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरत राहिला.

चौथ्या सामन्याला त्याच्या अम्मीने मला फोन केला. त्या मूळच्या म्हसळ्याच्या, घरी ब्लाऊज-फ्रॉक शिवतात. "टीचर, तुम्ही चला. मी एकटी तिथं काय समजू? आणि ह्याचे अब्बा म्हणतात, फुटबॉल खेळून कोणाच्या घरात चूल पेटली? जरा बघूया तरी हा करतो काय." मला नाही म्हणायला तोंड नव्हते.

तिथे गेल्यावर पहिलाच खोळंबा कपड्यांचा. गुडघे झाकले जावेत म्हणून याने पांढऱ्या शॉर्टच्या आत काळी तंग विजार घातली होती. रेफ्रीने बाहेर पाठवले. अम्मींचा चेहरा पडला. त्यांना वाटले, आपल्या दीनी गोष्टीवर बोट ठेवले. तसे नव्हते. नियमच असा आहे की आतली विजार शॉर्टच्या रंगाची हवी आणि संघात जे कोणी घालतील त्या सगळ्यांची एकाच रंगाची हवी. प्रशिक्षकांनी पिशवीतून पांढरी काढून दिली. हे प्रशिक्षक वसईचे ख्रिश्चन गृहस्थ. म्हणाले, "बाई, माझ्याकडे चार जोड असतात. दर वर्षी कोणीतरी काळी घालून येतोच." पुढच्या रविवारपर्यंत अम्मींनी अख्ख्या संघासाठी पांढऱ्या विजारी शिवून आणल्या, आणि तेव्हापासून रेषेबाहेरचे आमचे बसणे हक्काचे झाले.

तो सामना ते २-१ ने जिंकले. पुढचा १-१. त्याच्या पुढचा १-० ने जिंकले. तक्ता मी माझ्या पाठटाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर करत होते. सहा सामन्यांनंतर ८ गुण. गटातले पहिले दोन संघ वरच्या विभागासाठीच्या फेरीत जाणार होते.

एका सामन्याला लवकर पोहोचलो तेव्हा मैदानावरचे नाव पाहून अम्मींनी विचारले, हे नेव्हिल डिसूझा कोण? मला माहीत नव्हते. घरी येऊन वाचले आणि दुसऱ्या दिवशी वर्गातही सांगितले. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले, त्यातले तीन गोल नेव्हिल यांचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीम साहेब पेशाने शाळेत शिक्षक होते! याच माणसाच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले. स्टाफरूममध्ये मी हे जरा मोठ्याने वाचून दाखवले, एवढा मोह झाला खरा.

आणि विभागांची चढण म्हणजे काय, हे समजायला कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगइतके चांगले उदाहरण नाही. क्लब १८९१चा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ज्याचे नाव असायचे, तो हा. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या संघांना हरवून आयएफए शील्ड जिंकली, त्याची आठवण देशभर निघते, आणि निघायलाच हवी. पण शील्ड ही बाद फेरीची स्पर्धा. अख्खा हंगाम खेळून कलकत्ता लीग जिंकायला भारतीय क्लबला आणखी २३ वर्षे लागली. मोहमेडन कितीतरी वर्षे दुसऱ्या विभागात होता. १९३३ साली तो विभाग जिंकून वर आला आणि १९३४ साली पहिल्या विभागात पाऊल ठेवताच लीग जिंकली. त्यानंतर १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे. त्यांच्या यशामागच्या कारणांत एक साधी गोष्ट सांगतात: त्या काळी आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि पावसाने मैदान चिखल झाले की घसरत, मोहमेडनने ओल्या मैदानावर बूट घातले. १९४० साली याच क्लबने दिल्लीत ड्युरँड आणि आपल्या मुंबईत रोव्हर्स करंडक जिंकला. रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ मात्र त्याआधीचा, १९३७ सालचा 'बंगळूर मुस्लिम्स'. रोव्हर्स करंडक आज खेळवला जात नाही. मोहमेडन आहे, २०२३-२४ ची आय-लीग जिंकून ते पुन्हा एकदा खालच्या पायरीवरून देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये गेले.

आपल्या महाराष्ट्रातही ही चढण जागोजागी आहे. नागपूरच्या लीगमध्ये 'यंग मुस्लिम' आणि कामठीचा 'रब्बानी' ही नावे वर्षानुवर्षे वरच्या विभागांत दिसतात. पुण्यात जिल्हा संघटनेचे सुपर ते तिसरा असे विभाग आहेत. कोल्हापूरची तर गोष्टच न्यारी. तिथे क्लब नाहीत, तालमी आहेत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आणि पेठापेठांची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर आली. हजारो माणसे जमतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

मुलींचे काय, हा प्रश्न अम्मींनीच काढला. त्यांची धाकटी आठवीत आहे आणि भावाचे बूट घालून गच्चीवर खेळते. डोके झाकून खेळायला बंदी आहे असे त्यांनी ऐकले होते. ती बंदी २०१४ सालीच उठली. डोक्यावरचे वस्त्र काळे किंवा जर्सीच्या रंगाचे हवे आणि संघात सारखे हवे, इतकेच. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झीना हिजाब घालून खेळली. एवढ्या लांब कशाला, आपल्याच ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याला 'परचम' या गटाच्या मुली २०१२ पासून फुटबॉल खेळतात, आणि मैदानात आपल्यालाही जागा हवी म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या होत्या. आपल्याकडे मात्र मुलींनी खेळायचे कुठे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मीरा रोडला टर्फ आहेत, पण ती तासाच्या भाड्याने मिळतात. दहा-बारा मुले वर्गणी काढून रात्री उशिराचा तास घेतात, कारण तो स्वस्त पडतो. रात्री अकराचा तास मुलींसाठी कोण घेणार? आपल्या वस्तीत इमारतींना इमारती लागल्या, मैदानासाठी आपण मशिदीच्या कमिटीत, सोसायटीच्या सभेत, महापालिकेत कधी तोंड उघडले का? मीही उघडले नव्हते.

शेवटचा सामना रमजानमध्ये आला. वेळापत्रक आपल्या हातात नसते. रोजा ठेवून खेळायचे की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मसला आलिमांना विचारावा, मी त्यात पडत नाही. त्याने इमामसाहेबांना विचारले, अम्मींशी बोलला आणि रोजा ठेवून खेळला. सामना चारचा होता, थोडा उशिरा सुरू झाला. संपला तेव्हा मगरिबला वेळ होता. २०२१ साली इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात, रोजेदार खेळाडूंना इफ्तार करता यावा म्हणून खेळ क्षणभर थांबवला होता. आमच्या तिसऱ्या विभागात त्याची गरज पडली नाही. पण वसईच्या प्रशिक्षकांनी खजुराचा डबा आणला होता आणि रोजा नसलेली संघातली चार मुलेही अजान होईपर्यंत पाण्याला शिवली नाहीत.

जिंकले असते तर ११ गुण आणि पुढची फेरी. उत्तरार्धात सगळा खेळ समोरच्यांच्या गोलाजवळ चालला होता. अम्मी तसबीह फिरवत होत्या. आमच्या मुलाने डावीकडून दिलेला एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. ०-०. एकूण ९ गुण. दुसऱ्या क्रमांकाचे १०.

वहीतल्या तक्त्यावर मी नको तितका वेळ बसले. पहिल्या तीन सामन्यांत एकच गुण. तो खेळला असता तर दोन झाले असते का, तीन झाले असते का, कोण सांगणार? एकट्या डाव्या बचावपटूने काय होते, असे प्रशिक्षक म्हणाले. ते चांगले गृहस्थ आहेत. मुलाने मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. लोकलमध्ये मात्र तो मोबाइलवर तोच तक्ता पाहत होता, आणि मी खिडकीबाहेर.

पैशाचेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर कोणी गैरसमज करून घेईल. तिसऱ्या विभागात पैसे मिळत नाहीत, उलट जातात: बूट, रेल्वेचा पास, टर्फची वर्गणी. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात ते नेमून दिलेल्या जिल्हा, विभाग, राज्य स्पर्धांसाठी. क्लबची साखळी त्यात धरून चालू नये. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवर चमकलेल्यांसाठी. मुंबईच्या वरच्या विभागांत रेल्वेसारखे खात्यांचे संघ खेळत आले, तिथपर्यंत हजारातला एखादा पोहोचतो. त्यामुळे त्याच्या अब्बांचा प्रश्न चुकीचा नाही. मी त्यांना तसे म्हणालेही. ते रिक्षा पुसत होते. म्हणाले, "टीचर, तो अकरावीला पास झाला म्हणून मी गप्प आहे." मग थोड्या वेळाने, "खांबाला लागलं म्हणे?"

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. या वेळी मी स्वतःहून टेबलावर बसायला मागितले. एक बाई पाचवीच्या मुलाला घेऊन आल्या. नाव विचारले. म्हणाल्या, "मो. लिहा ना, सगळे तसंच लिहितात." मी जन्मदाखला मागितला. घरी राहिला होता. त्यांना परत पाठवले. मागे रांग होती, त्या चिडल्या. चार वाजता दाखला घेऊन आल्या तेव्हा मी रकान्याच्या रेषेबाहेर जाऊन पूर्ण नाव लिहिले.

त्याच संध्याकाळी अम्मींचा फोन आला. धाकटीचा जन्मदाखला आणि आधार जुळवून पाहिले, दोन्हींवर नाव एकच आहे. आणि यंदाच्या लीगचे वेळापत्रक आले का, ते त्यांना हवे होते.